गोधडीचे माप : दोन साड्या, तीन थर आणि एक वर्षावास

विनयपिटकातील चुल्लवग्गात कौशांबीची एक कथा आहे. राजा उदयनाच्या राण्यांनी भदंत आनंदांना पाचशे वस्त्रे दान केली. राजाला प्रश्न पडला, एक श्रमण इतकी वस्त्रे घेऊन करणार काय? तो स्वतः आनंदांकडे गेला आणि त्याने विचारले. आनंद म्हणाले, ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ती वाटून देऊ. मग जीर्ण चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावरची आच्छादने करू. ती जुनी झाली की गादीची खोळ, खोळ फाटली की जमिनीवरचे अंथरूण, ते झिजले की पायपुसणे, त्यानंतर धूळ झटकण्याचे फडके, आणि शेवटी त्या फडक्याचेही तुकडे करून चिखलात मळून त्याने जमीन सारवू. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

ही कथा आम्ही गेल्या वर्षावासात विहारात वाचली तेव्हा वर्गातल्या आयाबाया एकमेकींकडे पाहून हसल्या. लुगड्याची वाकळ, वाकळीचे पायपुसणे, पायपुसण्याचे पोतेरे हा क्रम त्यांना कोणी शिकवावा लागला नव्हता. तो त्यांच्या घरातला होता. मात्र अशी गोधडी शिवता येणाऱ्या बायका आपल्या वस्तीत आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत आणि त्यांचे ज्ञान कोठेही लिहिलेले नाही, ही गोष्टही त्याच दिवशी आमच्या ध्यानात आली. ती उणीव काही अंशी भरून निघावी म्हणून हा लेख स्मरणिकेसाठी देत आहोत. गोधडीचे माप कसे घ्यावे, कापडाचा हिशेब कसा करावा आणि कडा व कोपरे नीट कसे पूर्ण करावेत, एवढाच त्याचा विषय आहे.

वीत कोणाची?

प्रथम आमची चूक सांगतो. संस्थेच्या शिवणवर्गात पहिली गोधडी करायला घेतली तेव्हा एका ज्येष्ठ आजींनी सांगितले, "नऊ विती लांब कापा." दोन मुलींनी दोन साड्या घेतल्या आणि दोघींनी नऊ-नऊ विती मोजून कापले. एकीची वीत साडेसात इंचांची होती, दुसरीची नऊ इंचांची. पहिलीचा तुकडा साडेसदुसष्ट इंच भरला आणि दुसरीचा ८१ इंच. साडेतेरा इंचांचा फरक पडला आणि दोन चांगल्या साड्या जवळजवळ वाया गेल्या. आजींचे काही चुकले नव्हते. आयुष्यभर त्यांनी स्वतःच्याच विटीने मोजले होते आणि स्वतःच कापले होते. एका हाताने मोजून त्याच हाताने कापले तर वीत उत्तम. चार हात कामाला लागले की माप सर्वांचे एक असले पाहिजे.

पाचित्तिय नियमांमध्ये सुगतचीवराचे माप दिले आहे : नऊ विती लांब आणि सहा विती रुंद. परंतु तेथे नुसते 'वीत' म्हटलेले नाही, 'सुगताची वीत' असे म्हटले आहे. वीत कोणाची हे सांगितल्याशिवाय माप पुरे होत नाही, हे त्या नियमकर्त्यांना माहीत होते. म्हणून आम्ही या लेखात मापे इंचांत दिली आहेत. प्रत्येकीने आपली वीत, हात (कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत) आणि बोटाची रुंदी एकदा टेपवर मोजून वहीत लिहून ठेवावी. पुढे टेप हाताशी नसला तरी काम अडणार नाही.

चीवराची शिवण आणि आपली शिवण

चीवर हे मुळात तुकडे जोडून केलेले वस्त्र आहे. महावग्गात म्हटले आहे की राजगृहाहून दक्षिणागिरीकडे जाताना भगवान बुद्धांनी मगधातील शेते पाहिली. बांध, पट्ट्या आणि चौकोन यांनी ती नीट आखलेली होती. तशी चीवराची मांडणी करता येईल का, असे त्यांनी आनंदांना विचारले आणि आनंदांनी ती करून दाखवली. चीवराच्या लांब पट्टीला, अर्ध्या पट्टीला, मोठ्या व लहान चौकोनाला पाली भाषेत स्वतंत्र नावे आहेत.

शिवणीच्या बारीकसारीक अडचणीही विनयात नोंदल्या आहेत. टाके कमीजास्त अंतरावर पडू लागले तेव्हा अंतर सारखे राखण्यासाठी खुणेचे साधन वापरण्यास परवानगी मिळाली. शिवण वाकडी जाऊ लागली तेव्हा आधी 'मोघसुत्त' म्हणजे खुणेचा कच्चा दोरा घालण्यास परवानगी मिळाली. वस्त्राच्या कडेचे धागे सुटू लागले तेव्हा कडेला 'अनुवात' म्हणजे पट्टी लावण्याची मुभा दिली गेली. सुई, सुईची नळी, बोटात घालायचे अंगुस्तान आणि कापड ताणून धरायची 'कठिन' नावाची चौकट यांचाही उल्लेख आहे. वर्षावासानंतर ज्या कठिन चीवरदानाला आपण जातो, त्याचे नाव या चौकटीवरून आले आहे. ते चीवर एका दिवसात कापून, शिवून, रंगवून पुरे करायचे असते, म्हणून अनेक भिक्खू मिळून शिवायला बसत. खुणेचा दोरा, सारखे टाके, कडेची पट्टी ही तीन कामे गोधडीतही जशीच्या तशी आहेत.

कापड कसे निवडावे

गोधडीला सुती कापडच घ्यावे. नायलॉन व टेरिलीन घसरते, त्यात टाका धरत नाही, घाम टिपला जात नाही आणि ठिणगी पडली तर ते वितळून अंगाला चिकटते. सुती आणि कृत्रिम कापड एकाच गोधडीत मिसळू नये. धुतल्यावर एक आटते, दुसरे आटत नाही आणि गोधडीला फुगे येतात.

साडी उजेडासमोर धरून पाहावी. जेथे कापड जाळीसारखे दिसते तो भाग मधल्या थरात टाकावा. दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी हलके ताणल्यावर जे कापड फाटते ते गोधडीला नको, त्याचे फडके करावे. जरीचा काठ व फॉल आधी उसवून काढावेत. जर सुईला अडते आणि दोरा कापते.

रंग जातो की नाही हे पाहण्यासाठी साडीचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून ठेवावा. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने कच्चा रंग पक्का होतोच असे नाही. म्हणून रंग जाणारी साडी वेगळी अनेक वेळा धुऊन घ्यावी, तरीही रंग सुटत राहिला तर ती वापरू नये. जुन्या साड्या आधीच आटलेल्या असतात. गोटासाठी नवे कापड घेतले तर ते मात्र कापण्यापूर्वी धुऊन वाळवावे. मुंबईच्या पावसात काही वाळत नाही, तेव्हा हे धुण्याचे काम ज्येष्ठातच उरकावे.

दोन साड्यांचा हिशेब

'पदर' शब्दाने घोटाळा होऊ नये म्हणून गोधडीच्या पदराला आम्ही येथे 'थर' म्हणतो.

साधी सुती साडी साडेपाच मीटर म्हणजे सुमारे २१६ इंच लांब आणि ४४ ते ४५ इंच रुंद असते. दोन्ही टोके सरळ करून घेतली की २१० इंच धरावेत. तिचे ७० इंचांचे तीन तुकडे होतात. दोन साड्यांचे सहा तुकडे झाले. दोन-दोन तुकडे ७० इंचांच्या बाजूने जोडले की एक थर होतो, म्हणजे सहा तुकड्यांत तीन थर. शिवणीसाठी प्रत्येक बाजूला अर्धा इंच माया सोडायची. ४४ अधिक ४४ वजा १, म्हणजे ८७ इंच. प्रत्येक थर ७० बाय ८७ इंचांचा झाला.

तयार गोधडी यापेक्षा लहान होते. दोरा भरताना कापड ओढले जाते आणि शेवटी कडा सरळ कापाव्या लागतात. दोन्ही कारणांसाठी मिळून लांबीत चार व रुंदीत चार इंच कमी धरावेत. म्हणजे तयार गोधडी ६६ बाय ८३ इंच, साडेपाच फूट रुंद आणि सात फुटांना एक इंच कमी लांब. एका मोठ्या माणसाला ती अंगाखाली किंवा अंगावर पुरते.

या हिशेबाचा नियम असा : तयार माप अधिक चार इंच म्हणजे कापायचे माप. इतर मापे याच नियमाने काढता येतात.

१) बाळाचे दुपटे : तयार ३६ बाय ३६ इंच. कापायचे ४० बाय ४०. एका साडीतून पाच तुकडे निघतात, त्यांत तीन थरांचे एक आणि दोन थरांचे एक अशी दोन दुपटी होतात. जोड कोठेही नाही, म्हणून शिकणाऱ्यांनी येथूनच सुरुवात करावी.

२) विद्यार्थ्याच्या खाटेची गोधडी : तयार ४० बाय ७६ इंच. साडीची पूर्ण रुंदी ४४ आणि लांबी ८० इंच. एका साडीतून दोन तुकडे निघून ५० इंच उरतात. दोन साड्यांत चार थर होतात. यालाही जोड नाही.

३) दोघांची गोधडी : नऊवारी लुगडे ३२४ इंच. टोके काढून ३२० धरले तर ८० इंचांचे चार तुकडे. दोन लुगड्यांत आठ तुकडे, म्हणजे चार थर ८० बाय ८७ इंचांचे. तयार ७६ बाय ८३ इंच. लुगड्यांची रुंदी सारखी नसते, तेव्हा आपले लुगडे मोजून मगच हा हिशेब वापरावा.

मुंबईच्या दमट हवेत तीन थर पुरेत. चार थरांची गोधडी पावसाळ्यात आतून ओली राहते आणि तिला कुबट वास धरतो. गावाकडे किंवा घाटावर थंडीसाठी पाठवायची असेल तर चार-पाच थर घालावेत.

थर जोडणे आणि काटकोन पाहणे

तिन्ही थरांचे जोड एकावर एक आले तर मधोमध जाड कणा तयार होतो आणि पाठीला टोचतो. तो टाळण्यासाठी मधल्या थराचा एक तुकडा ७० इंच लांबीत उभा चिरून २२ इंचांच्या दोन पट्ट्या कराव्यात आणि अखंड तुकड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक जोडावी. या थराला एकाऐवजी दोन जोड येतात, म्हणून तो ८६ इंच भरतो. एक इंचाने काही बिघडत नाही. जोड मशीनवर घालावेत, माया दोन्हीकडे उघडून नखाने किंवा इस्त्रीने बसवावी.

नंतर काटकोन. घरात मोठी गुण्या नसते, पण सुतळी असते. एका कोपऱ्यापासून एका कडेवर तीन फुटांवर आणि दुसऱ्या कडेवर चार फुटांवर खूण करावी. त्या दोन खुणांमधले अंतर बरोबर पाच फूट आले तर कोपरा काटकोनी आहे. गवंडी पायाची आखणी अशीच करतो. सर्व कापड आखून झाल्यावर सुतळीने दोन्ही कर्ण मोजावेत. ६६ बाय ८३ च्या गोधडीचा कर्ण सुमारे १०६ इंच येतो. दोन्ही कर्ण सारखे आले तर चौकोन सरळ आहे. एक मोठा आणि एक लहान आला तर मोठ्या कर्णाची दोन टोके आत ढकलून कापड पुन्हा पसरावे. शाळेत नववी-दहावीत शिकलेले पायथागोरसचे प्रमेय येथे उपयोगी पडते, हे विद्यार्थ्यांनी घरी आजीला समजावून सांगावे.

कच्चा दोरा

उपनगरातील आपल्या खोल्या लहान. दहा बाय दहाच्या खोलीत सामान असताना सात फुटांची गोधडी पसरता येत नाही. हे एकच काम विहाराच्या सभागृहात किंवा गच्चीवर करावे आणि दोघी-तिघींनी मिळून करावे. खालचा थर उलटा पसरून चारही कोपऱ्यांना वजन ठेवावे. मधला थर, मग वरचा थर सुलटा. प्रत्येक थर पसरल्यावर हाताच्या तळव्याने मध्यापासून कडेकडे निपटत जावे.

आता जाड, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने मोठे टाके घालावेत, दोन इंचांचे चालतील. सुरुवात मध्यापासून करून कडेकडे जायचे. आडव्या व उभ्या रेषा दर नऊ इंचांवर घालायच्या. हाच आपला मोघसुत्त. घाईघाईत पुष्कळजणी ही पायरी गाळतात. आपल्याकडे दोरा बाहेरच्या कडेपासून फेऱ्याफेऱ्याने आत भरत जाण्याची रीत आहे. कच्चा दोरा नसेल तर सैल कापड सरकत सरकत मध्याकडे येते आणि शेवटी गोधडीच्या पोटात फुगा उरतो. तो नंतर कशानेही जात नाही. कच्चा दोरा घातला की गोधडी गुंडाळून घरी न्यावी. मग मांडीवर घेण्याइतकी जागा पुरते.

दोरा भरणे : अंतर, लांबी आणि वेळ

सुई लांब व बारीक घ्यावी. दाभण सुती साडीला भोके पाडते. दोरा सुती घ्यावा. दोरा कापडाहून फार चिवट असला तर कापड फाटते आणि दोरा तेवढा उरतो. एका वेळी सव्वा मीटरपेक्षा लांब दोरा ओवू नये, गुंता होतो. सुरुवातीची गाठ वर ठेवू नये. सुई दोन थरांच्या मधून घालून हलका झटका द्यावा, म्हणजे गाठ आत जाऊन बसते. शेवटी दोन उलटे टाके घालून उरलेला दोरा इंचभर आतून फिरवून कापावा.

टाका धावदोऱ्याचा, एका इंचात चार. दोन रेषांमधले अंतर पाऊण इंच म्हणजे बोटभर. खुणेसाठी पाऊण इंच रुंदीची पुठ्ठ्याची पट्टी कापून हाताशी ठेवावी. ६६ इंच रुंदीच्या गोधडीत असे ४४ फेरे बसतात.

किती दोरा लागेल? रीत सोपी आहे : गोधडीचे क्षेत्रफळ भागिले दोन रेषांमधले अंतर म्हणजे सर्व रेषांची एकूण लांबी. ६६ गुणिले ८३ म्हणजे ५४७८ चौरस इंच. त्याला पाऊण इंचाने भागले की ७३०४ इंच, म्हणजे सुमारे १८६ मीटर. टाक्याची चढउतार आणि टोकाला उरणारा दोरा धरून सव्वादोनशे मीटर आणावा. दोरा दुहेरी वापरणार असाल तर दुप्पट. अंतर एक इंच ठेवले तर रेषा १३९ मीटर भरतात, अर्धा इंच ठेवले तर २७८ मीटर. अंतर कमी तितकी गोधडी टिकाऊ, पण कष्टही त्याच प्रमाणात वाढतात.

एका इंचात चार टाके याप्रमाणे ७३०४ इंचांत २९ हजारांहून अधिक टाके होतात. हा आकडा प्रथम काढला तेव्हा वर्गात कोणी बोलेना. ज्या आजीने दहा-बारा वाकळी शिवल्या, तिने तीन लाख टाके घातले होते आणि ते कोणी मोजले नव्हते.

वेळेचा हिशेब असा. आम्ही घड्याळ लावून पाहिले. हातभर रेषेला, म्हणजे १८ इंचांना, सरासरी चार मिनिटे लागली. ७३०४ इंचांत असे ४०६ हात होतात. सर्व मिळून सुमारे २७ तास. हे ऐकून धीर सोडू नये. आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा हे वर्षावासाचे तीन महिने, म्हणजे साधारण ९० दिवस. २७ तास ९० दिवसांत वाटले तर रोज १८ मिनिटे पडतात. विहारात ग्रंथवाचन चालू असताना ऐकता ऐकता एवढे काम सहज होते. ज्येष्ठात कापड धुऊन आषाढ पौर्णिमेला कच्चा दोरा घातलेली गोधडी आश्विन पौर्णिमेला पुरी होते आणि थंडीच्या आधी घरात येते.

गोट आणि कोपरे

गोधडी प्रथम कडेला विरते. म्हणून कडेची पट्टी, म्हणजे गोट, जुन्या कापडाचा करू नये. अर्धा मीटर नवे सुती कापड घ्यावे. सरळ कडांना सरळ कापलेली पट्टी चालते. दुपट्याचे कोपरे गोल ठेवायचे असतील तर मात्र उरेब पट्टी लागते, कारण तिरपे कापलेले कापडच वळणावर बसते.

प्रथम कडा सरळ कापून घ्याव्यात आणि कडेपासून पाव इंच आत एक धावदोरा घालून तिन्ही थर बांधावेत. पट्टीची रुंदी सव्वादोन इंच. अर्धा इंच शिवणीला, अर्धा इंच पुढे दिसायला, अर्धा इंच मागे, अर्धा इंच आत दुमडायला आणि उरलेला पाव इंच गोधडीच्या जाडीला. पट्टीची लांबी म्हणजे गोधडीचा घेर अधिक १२ इंच. ६६ आणि ८३ यांची बेरीज १४९, तिची दुप्पट २९८, अधिक १२ म्हणजे ३१० इंच. ४४ इंच रुंदीच्या कापडातून आठ पट्ट्या काढून जोडल्या की पुरते. आठ पट्ट्यांना १८ इंच कापड लागते, म्हणूनच अर्धा मीटर. सुरुवात कोपऱ्यावर करू नये, कडेच्या मध्यावर करावी.

कोपरा हा सर्वांना अवघड जातो. त्याची रीत क्रमाने देतो.

१) पट्टी सुलट्या बाजूला कडेशी जुळवून, कडेपासून अर्धा इंच आत टीप घालत यावे. कोपरा अर्धा इंच उरला की थांबावे, दोन उलटे टाके घालून दोरा तोडावा.

२) पट्टी वरच्या दिशेने सरळ दुमडावी. कोपऱ्यावर तिरपी घडी पडेल. ती बोटाने दाबून धरावी.

३) तीच पट्टी आता खाली आणून दुसऱ्या कडेशी जुळवावी. वरची घडी पहिल्या कडेच्या रेषेत आली पाहिजे. टीप पुन्हा अगदी कडेपासून सुरू करावी.

४) पट्टी मागे उलटवली की पुढच्या बाजूला कोपऱ्यात आपोआप तिरकी रेष दिसते. मागे पट्टीची कड अर्धा इंच आत दुमडून तुरपाई करावी. कोपऱ्यावर प्रथम एक बाजू बसवावी, तिच्यावर दुसरी दुमडावी आणि घडीवर तीन-चार बारीक टाके घालावेत.

तुरपाईचा टाका खालचा एकच थर घेईल एवढा उथळ असावा, म्हणजे पुढून दिसत नाही. सर्व झाल्यावर कच्चा दोरा उसवून काढावा. तो टाकू नये, पुढच्या गोधडीला उपयोगी येतो.

कष्टाची किंमत

दोरा भरण्याचे २७ तास आणि कापणे, जोडणे, गोट लावणे याचे सुमारे आठ तास, मिळून ३५ तास. उदाहरणादाखल तासाला ५० रुपये मजुरी धरली तरी १७५० रुपये होतात. दोरा व गोटाचे कापड त्याहून वेगळे. त्याच दोन साड्या दारावरच्या बोहारणीला दिल्या तर एखादे स्टीलचे भांडे मिळते. "जुन्याच तर साड्या, त्याचे कसले पैसे?" असे म्हणणाऱ्याला हा हिशेब वहीत लिहून दाखवावा. घरासाठी शिवलेल्या गोधडीचे पैसे कोणी मागत नाही, परंतु विकायला शिवली तर तास मोजून किंमत सांगण्यात संकोच वाटू नये.

वस्त्राचा असा रोख हिशेब आपल्याच प्रदेशात दगडावर कोरलेला आहे. नाशिकच्या लेण्यांत, नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याच्या शिलालेखात, गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. व्याज दरमहा शेकडा एक. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे. विद्यार्थ्यांनी गणित करून पाहावे. वर्षाचे व्याज २४० आणि वीस जणांचे बारा-बारा मिळून २४०. एका कार्षापणाचीही चूक नाही. बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांतील शिलालेखांतही भिक्खूंच्या चीवरासाठी दिलेल्या दानाच्या नोंदी आहेत. सहलीला आपण तेथे जातो तेव्हा हे लक्षात ठेवावे.

थोडे मनातले

आमच्यापैकी पुष्कळांच्या घरी गोधडी माळ्यावर गेली आहे. पाहुणे आले की ती लपवली जाते. वसतिगृहात जाताना मुलगा म्हणतो, ब्लँकेट घेऊन द्या, गोधडी नको. त्याचे कारण आम्ही जाणतो. आपल्या समाजावर दुसऱ्यांनी टाकलेले कपडे, इतकेच काय पण प्रेतावरचे वस्त्रसुद्धा, हक्क म्हणून लादले गेले होते. बाबासाहेबांनी १९२७ साली महाड येथे स्त्रियांपुढे बोलताना राहणी व वस्त्रे स्वच्छ आणि नीट ठेवण्याचा आणि हीनपणाच्या खुणा टाकून देण्याचा उपदेश केला. तो आपल्या आजी-पणजीने पाळला म्हणून आपण येथवर आलो. चिंधीची लाज वाटणे त्या इतिहासातून आले आहे आणि त्याबद्दल मुलांना दोष देता येणार नाही.

परंतु आईच्या नेसत्या साडीची, स्वच्छ धुतलेली, काटकोनात आखलेली, सारख्या टाक्यांची गोधडी ही कोणी टाकलेली वस्तू नव्हे. ती आपली कमाई आहे. भिक्खूंनी धुळीतील चिंध्याही गोळा केल्या, पण त्या धुतल्या, मापाने कापल्या, शेताच्या आखणीप्रमाणे जोडल्या आणि रंगवल्या, तेव्हा ते चीवर झाले. राजे त्या चीवरापुढे नमले. आपल्या मुलाच्या खाटेवर पडणारी गोधडीही तेवढ्याच काळजीने केलेली असावी, म्हणजे ती लपवावीशी वाटणार नाही.

शेवटी एक विनंती. ज्यांच्या घरी गोधडी शिवणारी आई, आजी, मावशी आहे त्यांनी या वर्षावासात तिच्याजवळ वही घेऊन बसावे. तिची वीत किती इंचांची, ती दोन रेषांत किती बोटे अंतर ठेवते, कोपरा कसा दुमडते आणि त्या टाक्याला तिच्या गावी काय म्हणतात, हे सर्व लिहून काढावे. आमच्या वर्गातल्या त्या आजी, ज्यांनी 'नऊ विती' सांगितले होते, त्या आज हयात नाहीत. त्यांची वीत आम्ही मोजून ठेवली नाही.

नमो बुद्धाय. जय भीम.